वाहता महामार्ग रुंद करायचा, तर टोल कधीपासून आणि कुठवर?

मैलाचा_दगड

नमस्कार मंडळी. गेली एकोणीस वर्षं मी रस्त्यांच्या देखरेखीच्या कामात आहे. त्यातली बरीच वर्षं चालू महामार्ग रुंद करण्याच्या कामांवर गेली. ठेकेदाराकडून नाही, काम तपासणाऱ्या सल्लागाराकडून. खासगी भागीदारीतल्या रुंदीकरणावर बोलणं निघालं की चर्चा लगेच 'खासगी चांगलं की सरकारी चांगलं' इथे जाऊन अडकते. मला त्याच्या आधीचा एक मुद्दा मांडायचा आहे.

नवा रस्ता बांधणं आणि वाहता रस्ता रुंद करणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. माळरानातून नवा रस्ता काढताना त्यावर गाड्या येतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं. तिथे पैसे घालणारा खरोखर जोखीम घेतो. रुंदीकरणात गाड्या आधीपासूनच धावत असतात. किंबहुना त्या जास्त झाल्या म्हणून तर रुंदीकरण! म्हणजे खासगी कंपनीच्या हातात आपण मोकळी जागा देत नाही, चालता गल्ला देतो. मग त्या गल्ल्याची किल्ली तिला कधी द्यायची आणि कधी परत घ्यायची, हा करारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होतो. आपण मात्र टोलच्या दरावर भांडत बसतो.

भारतात २००६ साली राष्ट्रीय महामार्ग विकास कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मंजूर झाला. ६,५०० किलोमीटरचे चौपदरी रस्ते सहापदरी करायचे, तेही बीओटी पद्धतीने, म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. या कामांत 'नियत दिनांका'पासूनच, म्हणजे करारानुसार काम सुरू होण्याच्या दिवसापासूनच, कंपनीला टोल घेता येत होता. रस्ता अजून चौपदरीच, त्यातल्या काही लेन खोदून ठेवलेल्या, तरी टोल कंपनीच्या खात्यात. यामागे हिशेब होता, तो मला मान्य आहे. बांधकामाच्या काळात टोल मिळाला की तेवढं कर्ज कमी काढावं लागतं, आणि चौपदरी रस्त्याचा टोल लोक आधीपासून भरतच होते.

पण साइटवर त्याचा परिणाम काय होतो ते मी पाहिलंय. आठवड्याच्या बैठकीत भिंतीवर रस्त्याची एक लांब पट्टी लावलेली असते. झालेला भाग हिरवा, राहिलेला लाल. पहिल्या वर्षातच पट्टी भराभर हिरवी व्हायला लागते. सपाट जमीन, वस्ती नाही, वीजवाहिनी नाही, असे सगळे तुकडे उरकले जातात. लाल उरतात ते चौक, उड्डाणपूल, गावाजवळचे भुयारी मार्ग, रेल्वेवरचे पूल. नेमकी तीच ठिकाणं, जिथे रोज गाड्या तुंबतात आणि माणसं मरतात. कधी जमीन ताब्यात आलेली नसते, कधी जलवाहिनी हललेली नसते, ही कारणं खरी असतात. पण जागा मोकळी झाल्यावरही त्या लाल तुकड्यांवर क्रेन आणायची घाई कोणाला नसते. पूल झाला काय, न झाला काय, गल्ल्यात पडणारी रक्कम तीच!

म्हणून माझं ठाम मत असं: रुंदीकरणात टोलचा हक्क झालेल्या कामाशी बांधला पाहिजे आणि कराराची मुदत वर्षांत न लिहिता पैशांत लिहिली पाहिजे.

ही दुसरी गोष्ट स्वप्नरंजन नाही. चिलीने १९९८ साली सान्तियागो ते वाल्पाराइसो आणि विन्या देल मार या महामार्गाचं काम असंच दिलं. साधारण १३० किलोमीटरचा चालू रस्ता, त्याचं रुंदीकरण आणि तीन नवे बोगदे. टोलचा दर सरकारने ठरवला. कंपन्यांनी फक्त एवढंच सांगायचं की एकूण किती टोल जमा झाला की आम्ही रस्ता परत देऊ, आजच्या किमतीत, म्हणजे पुढच्या वर्षांच्या टोलमधून व्याज वजा करून. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला काम. गाड्या वाढल्या तर करार लवकर संपतो, कमी झाल्या तर लांबतो. मुदत गाड्यांच्या मागे चालते.

तुमचं काय मत? रोज अशा रस्त्यावरून जाणाऱ्यांनी जरूर लिहा.

दहाचाकी

साहेब, माझी स्वतःची एक गाडी आहे आणि मीच चालवतो. तुम्ही पट्टी हिरवी-लाल म्हणालात, ती आम्हाला पट्टी न बघता कळते. तीस किलोमीटर लोण्यासारखा रस्ता आणि मग एकदम 'वळण रस्ता पुढे आहे'. गियर उतरवत उतरवत सर्व्हिस रोडवर यायचं, तिथे ट्रॅक्टर, शाळेच्या रिक्षा, पाण्याचं डबकं. अर्ध्या तासाने परत वर. तीस किलोमीटरमध्ये कमावलेला वेळ त्या एका चौकात जातो.

एक रात्र सांगतो. पाऊस होता. जुन्या डांबराच्या कडेला नवीन लेनसाठी खोदून ठेवलेलं, दोन फूट तरी खोल. मध्ये काय, तर चुना मारलेले दगड आणि एक फाटकी पट्टी. समोरून बस अंगावर आली म्हणून मी डावीकडे दाबली आणि मागचं जोड चाक कडेवरून खाली गेलं. गाडी पलटली नाही, माल जड होता आणि मी जागच्या जागी थांबलो म्हणून. टायरची बाजू फाटली. पहाटेपर्यंत तिथेच. मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून क्लीनर हातात टॉर्च घेऊन पावसात उभा होता, एकोणीस वर्षांचं पोर. आणि त्याच्या पुढच्या नाक्यावर पूर्ण टोल भरला.

टोल द्यायला आमची ना नाही. रस्ता चांगला असेल तर डिझेल वाचतं, टायर वाचतं, फेरी वाढते. पण खोदलेल्या रस्त्याचे पैसे आणि झालेल्या रस्त्याचे पैसे सारखे कसे?

सरळव्याज

मैलाचा_दगड, लेख आवडला. मी अशा प्रकल्पांना कर्ज देण्याआधी त्यांची आकडेमोड तपासतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने थोडं.

बांधकामाच्या काळातला टोल काढून घेतला तर ती रक्कम कुठूनतरी आणावी लागते. एकतर सरकार सुरुवातीलाच अनुदान देईल, किंवा कर्ज वाढेल, आणि व्याज चढून शेवटी ते टोलमध्येच येईल. म्हणून 'पूर्ण बंद' असं नको. मला पटणारा मार्ग असा: बांधकाम चालू असताना जमा होणारा टोल कंपनीच्या खुल्या खात्यात न जाता राखीव खात्यात जावा आणि ठरलेला टप्पा पूर्ण झाला की त्यातला हिस्सा सुटावा. टप्पा किलोमीटरचा नको, पुलांचा आणि चौकांचा हवा. मग लाल तुकड्यांवर क्रेन आपोआप येईल.

चिलीच्या पद्धतीबद्दल एक समज दूर करतो. लोकांना वाटतं की मुदत पक्की नाही म्हणून बँका घाबरतील. उलट आहे. पक्क्या मुदतीच्या करारात वाहतूक पडली की कर्ज बुडायची पाळी येते. मुदत लवचीक असेल तर वाहतूक पडली तरी वसुली थांबत नाही, लांबते. एदुआर्दो एंगेल, रोनाल्द फिशर आणि अलेक्झांडर गालेतोविच या अर्थतज्ज्ञांनी हीच मांडणी केली होती. तिची अडचण निराळी आहे. एकूण रक्कम ठरलेली असल्यामुळे गाड्या वाढाव्यात म्हणून धडपडायचं कारण कंपनीला उरत नाही. खड्डा आज बुजवला काय, महिन्याने बुजवला काय! म्हणून अशा करारात देखभालीचे निकष आणि दंड फार कडक लागतात. मुदत लवचीक, निकष ताठ, असं पाहिजे.

मुदतीवरून बोली लावण्याचा एक वाईट नमुनाही सांगतो. मेक्सिकोने १९८९ पासून टोलरस्त्यांचा मोठा कार्यक्रम काढला. जो सर्वांत कमी वर्षांत रस्ता परत देईल त्याला काम. मग कमी वर्षांत पैसे वसूल करायचे तर टोल प्रचंड ठेवावा लागला. ट्रक जुन्या फुकट रस्त्यावरूनच जात राहिले, नवे रस्ते ओस. १९९४ च्या शेवटी पेसो कोसळला, व्याजदर भडकले आणि १९९७ मध्ये सरकारला २३ रस्ते कर्जासकट परत घ्यावे लागले. चिली आणि मेक्सिको दोघांनी मुदत हाच बोलीचा विषय केला होता. पण मेक्सिकोने वर्षं मोजली, चिलीने पैसे.

रातराणी

माझा एकच प्रश्न. मुदत संपली की टोल खरंच संपतो का?

सरळव्याज

@रातराणी, दोन्ही उदाहरणं एकाच देशातली देतो. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवरच्या पुलांचा करार ठरलेला महसूल जमा झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये संपला, पूल सरकारकडे आले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला टोल पूर्ण बंद झाला. टेम्स नदीवरच्या डार्टफर्डच्या पुलाचं कर्जही फिटलं. पण तिथे २००३ पासून 'गर्दीचं शुल्क' म्हणून वसुली पुढे चालू राहिली. म्हणजे करार संपणं आणि टोल संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कराराने ठरते, दुसरी सरकार ठरवतं. करारावर सह्या होतानाच सरकारने दुसरी गोष्ट लिहून जाहीर करावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

मोजणीदार

मी वाहतुकीचे अंदाज बांधण्याचं काम करतो. इथे सगळे टोलवर बोलताहेत. मला विचारायचंय की रुंदीकरणाने कोंडी जाते हे आपण गृहीत का धरतोय?

ह्यूस्टनचा केटी फ्रीवे पाहा. २००८ पर्यंत त्याचं रुंदीकरण झालं. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. खर्च जवळपास २.८ अब्ज डॉलर. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरी भागांची आकडेवारी मांडली. आंतरराज्य महामार्गाच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढतात, साधारण तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं धावणंही वाढतं. जागा झाली की लोक लांब राहायला जातात, जास्त फेऱ्या मारतात, माल रेल्वेवरून रस्त्यावर येतो.

खासगी भागीदारीत यात आणखी एक गुंता होतो, स्पर्धा न करण्याचं कलम. कॅलिफोर्नियात स्टेट रूट ९१ च्या मधोमध चार टोल-लेन खासगी कंपनीने बांधल्या, साधारण १६ किलोमीटर. डिसेंबर १९९५ मध्ये त्या सुरू झाल्या. करार ३५ वर्षांचा. त्यात लिहिलं होतं की दोन्ही बाजूंना दीड मैलाच्या पट्ट्यात सरकारने रस्त्याची क्षमता वाढवायची नाही. पुढे शेजारच्या फुकट लेनवर अपघात आणि कोंडी वाढली. तिथे लेन वाढवायला सरकार निघालं, तर कंपनी कोर्टात गेली. शेवटी २००३ साली ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने त्या लेन २०.७५ कोटी डॉलरला विकत घेतल्या, तेव्हा कुठे हात मोकळे झाले. जो रस्ता आपलाच, तो दुरुस्त करायचा हक्क परत मिळवायला लोकांचा पैसा गेला.

तेव्हा मैलाचा_दगड, तुमचा गल्ल्याचा मुद्दा बरोबर, पण अपुरा आहे. कंपनीला गल्ला देताना शेजारची रेल्वे, बससेवा, समांतर रस्ता यांवरही आपण कुलूप लावतो का, ते आधी पाहिलं पाहिजे.

मैलाचा_दगड

मोजणीदार, कुलुपाचा मुद्दा पूर्ण मान्य. मूळ लेखात तो यायला हवा होता.

इथे चिलीची पद्धत पुन्हा उपयोगी पडते. कराराची किंमत पैशांत लिहिलेली असली की सरकारला करार मध्येच विकत घ्यायचा झाला तर भांडण उरत नाही. एकूण ठरलेली रक्कम वजा आजवर जमा झालेला टोल, त्यातून वाचलेला देखभालीचा खर्च काढला की हिशेब संपला. वर्षांच्या करारात मात्र 'पुढच्या वीस वर्षांत मला किती मिळालं असतं' यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालतात.

आपल्याकडे बीओटीची अनेक कामं ज्या सरकारी नमुना करारावर दिली गेली, त्यात याचा एक छोटा अंश आहे. ठरलेल्या वर्षी प्रत्यक्ष वाहतूक मोजतात. अपेक्षेपेक्षा कमी असेल तर दर एक टक्का तुटीमागे मुदत दीड टक्क्याने वाढते, जास्तीत जास्त २० टक्के. वाहतूक जास्त असेल तर दर एक टक्क्यामागे मुदत पाऊण टक्क्याने घटते, जास्तीत जास्त १० टक्के. बारकाईने वाचा. पडलं तर दीड, वाढलं तर पाऊण. तराजू कोणाकडे झुकलाय ते दिसतं. तरीही हे कलम आहे ही चांगली गोष्ट, आणि त्याचं मोजमाप जाहीर व्हावं म्हणून लोकांनी मागे लागायला हवं. मोजणी कोणत्या सात दिवसांत झाली, कोणत्या नाक्यावर झाली, यावर करारातली वर्षं ठरतात.

कोंडीबद्दल: शहरालगतच्या तुकड्यात तुमचं म्हणणं खरं. दोन शहरांमधल्या लांब पल्ल्यात, जिथे निम्म्याहून जास्त गाड्या मालाच्या आहेत, तिथे रुंदीकरणाचा फायदा मी पाहिलाय, विशेषतः चढावर. लोड घेतलेला ट्रक चढाला लागला की मागची रांग डोंगराएवढी होते. तिथे एक जादा लेन फार काम करते. पण आधी स्वस्त उपाय करून पाहावेत हेही तितकंच खरं. लंडनभोवतीच्या एम-२५ च्या रुंदीकरणाचा ३० वर्षांचा करार २००९ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ताशेरे मारले की कडेची पट्टी गर्दीच्या वेळी वाहतुकीला खुली करण्याचा पर्याय वेळेत तपासलाच नाही. शिवाय बँकांच्या संकटात कर्ज महाग झालेलं असताना करार झाला, तो बोजा वेगळाच.

सार्वजनिक

एवढ्या करामती करण्यापेक्षा सरकारने स्वतः कर्ज काढून, साधं टेंडर देऊन रस्ता रुंद का करू नये? सरकारला कर्ज स्वस्त पडतं. टोलची कंपनी नको, बँकेचा नफा नको, चाळीस परिशिष्टांचा करार नको. सगळ्या उदाहरणांत शेवटी सरकारच पैसे भरताना दिसतंय.

मैलाचा_दगड

@सार्वजनिक, प्रश्न रास्त आहे आणि काही रस्त्यांसाठी तुमचंच उत्तर बरोबर आहे. तरी मी भागीदारीला सरसकट नाही म्हणत नाही. त्याचं कारण रस्त्याच्या पोटात आहे.

जुना रस्ता रुंद करताना जुन्या भरावाला नवा भराव चिकटवावा लागतो. जुना भराव वीस-पंचवीस वर्षं गाड्यांखाली दबून बसलेला, नवा कालचा. नुसता बाजूला ओतून रोलर फिरवला तर पहिल्या दोन पावसाळ्यांत नवा भाग खचतो आणि दोघांच्या सांध्यावर लांबच लांब चीर पडते. तुम्ही पाहिली असेल, लेनच्या मधोमध मैलोन्‌मैल जाते ती. मोटारसायकलचं चाक त्यात धरलं जातं. ती टाळायची तर जुन्या उतारावर आधी पायऱ्या कापायच्या, झाडाझुडपांची मुळं आणि सैल माती काढायची, मग थर थर दाबत वर यायचं, म्हणजे नवी माती जुनीत गुंतते. वरच्या डांबरी थराचा सांधाही चाकाखाली येणार नाही असा सरकवून घ्यायचा. कष्टाचं काम आहे आणि झाकलं गेलं की दिसत नाही.

साध्या टेंडरमध्ये ठेकेदाराची जबाबदारी थोड्या वर्षांत संपते. पायऱ्या कापल्या की नाही, ते कळेपर्यंत तो मोकळा झालेला असतो. बीओटीच्या एका कामावर मी स्वतः पाहिलंय, रात्री अकराला डांबरमिश्रणाचा डंपर आला, कंपनीच्या कनिष्ठ अभियंत्याने ताडपत्री उचलून थर्मामीटर खुपसला आणि मिश्रण निवलंय म्हणून डंपर परत पाठवला. मी काही बोलायच्या आधी! विचारलं तर म्हणाला, "सर, हा थर उखडला तर पुढची सतरा वर्षं आम्हालाच भरायचाय." जो बांधणार त्यालाच सांभाळायला लावणं, यात भागीदारीचा खरा फायदा आहे. पैसा आणणं हा दुय्यम भाग.

सरळव्याज

याला जोडून. सरकारचं कर्ज आणि खासगी देखभाल असा मधला रस्ताही आहे. २०१६ च्या जानेवारीत मंजूर झालेलं हॅम म्हणजे संमिश्र वार्षिकी प्रारूप. बांधकामाच्या काळात ४० टक्के खर्च सरकार टप्प्याटप्प्याने देतं, बाकीचे ६० टक्के पुढची पंधरा वर्षं दर सहामाही हप्त्यांनी, व्याजासह. टोल गोळा करतं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, कंपनीचा गल्ल्याशी संबंध नाही. देखभाल मात्र कंपनीकडेच. शिवाय ८० टक्के जमीन हातात असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असा नियम आला.

हे का करावं लागलं, तर त्याआधीच्या काही वर्षांत बोली लावण्याची चढाओढ अशी झाली की कंपन्यांनी अनुदान मागायचं सोडून सरकारलाच दरवर्षी प्रीमियम द्यायचं कबूल केलं. वाहतूक अपेक्षेएवढी वाढली नाही. मग प्रीमियम पुढे ढकलून द्या म्हणून रांग लागली आणि २०१४ मध्ये तशी मुभा द्यावी लागली. २०१५ मध्ये विजय केळकर समितीने भागीदारीच्या करारांचा आढावा घेतला. ज्या पक्षाला जी जोखीम सांभाळणं जमतं तीच त्याच्याकडे द्या, हा तिचा मुख्य आग्रह. रस्त्यावर किती गाड्या येतील हे ना ठेकेदाराच्या हातात आहे, ना बँकेच्या. ते पिकांवर, कारखान्यांवर, डिझेलच्या भावावर ठरतं.

बांधावरची

सगळं वाचलं. गाड्या, बँका, ठेकेदार सगळ्यांचं आलं. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

रस्ता दुपदरी होता तेव्हा घर इकडे आणि विहीर तिकडे असली तरी चालायचं. चौपदरी झाला तेव्हा दुभाजकातल्या फटीतून जायचो. आता सहापदरी, मध्ये उंच दुभाजक, दोन्हीकडे लोखंडी कठडे. शेताचे दोन तुकडे झाले. मोबदला मिळाला, तो जमिनीचा. रोज पलीकडे जायला जो चार किलोमीटरचा वळसा पडतो त्याचा कुठेच हिशेब नाही. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्या वळसा घालत नाहीत. पदर खोचतात, कठड्याच्या खालून वाकून जातात आणि दुभाजकावर बसून उरलेल्या तीन लेन रिकाम्या व्हायची वाट बघतात. मी इकडून श्वास रोखून बघत असते.

भुयारी मार्ग मंजूर आहे असं मोजणीला आलेल्यांनी सांगितलं होतं. आमच्याच ठिकाणचा तुकडा अजून तुमच्या भाषेत लाल आहे. अलीकडे पलीकडे गुळगुळीत रस्ता झालाय, गाड्या पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने येतात. मैलाचा_दगड दादा, तुम्ही म्हणता टोल कामाशी बांधा. मला विचाराल तर तो आधी भुयारी मार्गाशी बांधा.

माहितीच्या अधिकारात नकाशाची प्रत मिळाली आहे. त्यात काय बघायचं ते सांगाल का?

दहाचाकी

ताई, तुमच्या सासूबाईंसारखी माणसं रात्री हेडलाइटच्या उजेडात एकदम समोर दिसतात. लोड घेतलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही. घरी गेल्यावरही ते डोळ्यांसमोर येत राहतं. तुमचा भुयारी मार्ग आमच्यासाठीही तेवढाच गरजेचा आहे.

मोजणीदार

बांधावरची, आमच्या गणितात आडव्या जाणाऱ्या माणसांचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो, हे मी कबूल करतो. आम्ही रस्त्याच्या लांबीने जाणारे मोजतो. पुढच्या कामात पायी ओलांडणाऱ्यांची मोजणी घालायचा आग्रह मी धरणार आहे.

मैलाचा_दगड

ताई, नकाशाच्या खालच्या पट्टीत साखळी क्रमांक असतो, किलोमीटर आणि मीटर. तुमच्या जागेचा क्रमांक जवळच्या किलोमीटरच्या दगडावरून काढा. मग करारातलं शेड्युल बी बघा, त्यात बांधायच्या सगळ्या पुलांची आणि भुयारी मार्गांची यादी असते. नकाशात आहे पण त्या यादीत नाही, असं असेल तर ते बांधणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्यामुळे आधी यादी. यादीत असेल तर तिथे दोन आकडे दिलेले असतात, रुंदी आणि उभी उंची. उंची नीट बघा. माणसांचा आणि गुरांचा मार्ग वेगळा, गाड्यांचा वेगळा. भुयारी मार्ग झाला आणि भरलेली ट्रॉलीच खालून जात नाही, असं मी तीन ठिकाणी पाहिलंय.

आणखी एक. रस्ता पूर्ण व्हायच्या आधी कंपनीला तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला मिळू शकतो. त्याला बाकी राहिलेल्या कामांची यादी जोडलेली असते. तुमचा भुयारी मार्ग त्या यादीत ढकलला गेला तर तो फार मागे पडतो. तो दाखला निघाला आहे का, तेही विचारा.

बांधावरची

दादा, यादी मिळाली. आमचा क्रमांक आहे त्यात. रुंदी ७ मीटर, उभी उंची ३ मीटर लिहिली आहे. सकाळी मुलाला घेऊन भरलेली ट्रॉली मोजली. जमिनीपासून ३ मीटर ४० सेंटिमीटर भरली. तात्पुरता दाखला अजून निघालेला नाही, आणि जागेवर पायासुद्धा खोदलेला नाही. आता अर्ज कोणाच्या नावाने करू?

मैलाचा_दगड

प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांच्या नावाने करा, एक प्रत स्वतंत्र अभियंत्याला, म्हणजे काम तपासणाऱ्या सल्लागाराला, द्या आणि पोच घ्या. विषयात 'कामाच्या व्याप्तीत बदल' हेच शब्द लिहा, करारात त्याचं स्वतंत्र कलम आहे. साखळी क्रमांक, यादीतली उंची आणि तुम्ही मोजलेली उंची, तिन्ही पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. ट्रॉलीला टेप लावलेला फोटोही जोडा, आकडा वाचता येईल असा. पाया खोदायच्या आत तो टेबलावर पोचला पाहिजे. एकदा काँक्रीट ओतलं की उंची बदलत नाही. मसुदा इथे टाका, मी आज रात्री वाचतो.